वरच्या नऊ ओळी

४ जुलै
वाचायचं कोणी: घरात सगळ्यांनी. आईला मोठ्याने.

प्रिय बारक्या,

झालं! दोन वर्षं, दर शनिवारी शाळा सुटल्यावर दीड तास, आणि परवा शेवटचा शब्द बसला. चित्रं काढायच्या त्या प्रोग्रॅममधली झाडून सगळी बटणं, सगळ्या सूचना आता आपल्या भाषेत आहेत. एकूण नऊशे बारा वाक्यं. मी फक्त भांडणं सोडवली, शब्द सगळे पोरांचे.

नमुना बघ. मागचं काम रद्द करायच्या बटणाला त्यांनी नाव दिलंय ‘चुकलं-माकलं’. साठवायच्या बटणाला ‘जपून ठेव’. आणि चित्र पुसून टाकायला गेलं की कॉम्प्युटर विचारतो, ‘नक्की ना? मग रडायचं नाही.’ हे शेवटचं मुंगीचं. मुंगी म्हणजे सातवीतली ती बुटकी मुलगी, मागच्या पत्रात जिच्याबद्दल लिहिलं होतं. तिची आई शिवणकाम करते. मुंगीची धाकटी बहीण चित्र पुसलं गेलं की भोकाड पसरते, त्यावरून तिला हे सुचलं. मी म्हटलं, अगं, हे कॉम्प्युटरचं वाक्य आहे, जरा गंभीर हवं. तर म्हणते, ‘बाई, कॉम्प्युटरने गंभीर का बोलायचं? तो काय मोठ्या बाई आहे?’ आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. मी हसले आणि तेच ठेवलं.

प्रोग्रॅमसोबत जो परवाना येतो तो म्हणजे काय, हे मात्र पोरांच्या डोक्यात शिरेना. शेवटी आपल्या घरातली पद्धत सांगितली. म्हटलं, मी सहलीवरून आईला पत्र लिहिलं होतं, आईने ते कौतुकाने शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं, आणि त्यात मी त्यांनाच ‘घोरणाऱ्या काकू’ म्हटलं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरी पत्राच्या डोक्यावर लिहायचं, वाचायचं कोणी. वरची ओळ मोडायची नाही. परवाना म्हणजे तेच. पोरांना लगेच कळलं.

मग त्यांनी फाईलच्या डोक्यावर नऊ ओळी लिहिल्या. सहा ओळींत सहा नावं: मुंगी, लांब्या, बडबडी, थोरली जुळी, धाकटी जुळी, गप्प्या. खाली तीन ओळी: ‘हे शब्द आम्ही केले. कुणीही वापरा, बदला, वाटा, पण या ओळी काढू नका. आणि पुढच्यालाही एवढीच मोकळीक द्या.’

फाईल या पाकिटातल्या पेनड्राइव्हवर आहे. आमच्या इथलं नेट रांगतं. तू ती त्या प्रोग्रॅमच्या मंडळींना पाठव, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती जगभर जाईल. सहातल्या एकाच्याही घरी कॉम्प्युटर नाही. मी त्यांना सांगून ठेवलंय, ज्या दिवशी येईल त्या दिवशी शाळेतून नक्कल घेऊन जा. हे तुमचंच आहे, यात चोरी नाही.

सात वर्षांपूर्वी तू सुट्टीत आला होतास, अठरा बंद पडलेली मशीन उघडून बसला होतास आणि एका सीडीवरून चौदा जिवंत केली होतीस. मी विचारलं, फुकट कसं काय? तू म्हणालास, फुकट नाही ताई, मोकळं. ते वाक्य लॅबच्या फळ्यावर अजून आहे. पुसायला कुणाला परवानगी नाही.

पेनड्राइव्ह परत पाठव, शाळेचा आहे.

तुझी ताई


२१ जुलै
वाचायचं कोणी: ताई, आणि तिची ती सहा कार्टी.

ताई,

नमस्कार, यावेळी वाकून. नऊशे बारा! ऑफिसात आमच्या भाषा विभागात आम्ही चौघं पगार घेऊन बसायचो, तरी महिन्याकाठी शंभर होत नसत. सहा कार्ट्यांना सांग, मामाने टोपी काढली.

आईला पहिली दोन पानं वाचून दाखवली. ‘चुकलं-माकलं’ला ती हसून हसून खोकायला लागली. म्हणाली, माझीच लेक शोभते. आता लेक म्हणजे तू की ती मुंगी, तिलाच ठाऊक. फोनवर तिच्या डोळ्यांचं विचारलं होतंस. डावा गेल्यातच जमा. उजव्याने माणूस ओळखते, अक्षर नाही. आता सगळं मलाच वाचावं लागतं, अगदी औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

फाईल पाठवतो. ती मंडळी स्वयंसेवक आहेत, आपापली कामं सांभाळून करतात, त्यामुळे वेळ लागेल. धीर धर.

माझं म्हणशील तर ठीक. आमच्या साहेबाला आम्ही टाय म्हणतो, कारण तो आधी येतो आणि त्याच्यामागून साहेब. टायला शाळांसाठीचं एक नवं सॉफ्टवेअर सप्टेंबरच्या आत हवंय. आमच्यातल्या दोघांना त्याने गेल्या महिन्यात घरी पाठवलं. राहिलो आम्ही दोघं, आणि त्यातला एक मी. असो. तू तुझ्या पोरांना घेऊन मजा कर.

तुझा बारक्या


२ सप्टेंबर
वाचायचं कोणी: घरात सगळ्यांनी.

प्रिय बारक्या,

दोन पत्रांना उत्तर नाही. आईला फोन केला तर म्हणाली, तुझं पत्र आलं होतं, पण अगदीच चिटुकलं होतं गं, काही बरं नाही का तुला? अरे, मी चार पानं लिहिली होती! वाचताना गाळतोस की काय? कंटाळा येत असेल तर दोन दिवसांत वाच, पण सगळं वाच.

इथे एक नवीनच लफडं उभं राहिलंय. एक कंपनी शाळेला वीस नवीन मशीन भेट देणार आहे. हो, भेट. मोठ्या बाई हवेतच आहेत. अट काय, तर लॅबमध्ये त्यांचंच सॉफ्टवेअर राहील, दुसरं काही ठेवायचं नाही, आणि कुठल्याही गोष्टीची नक्कल बाहेर न्यायची नाही. मी शिक्षकांच्या बैठकीत उभी राहिले. म्हटलं, पोरांना सात वर्षं मी एकच शिकवलं, की समोरची वस्तू उघडून बघायची, बिघडली तर दुरुस्त करायची, आवडली तर दुसऱ्याला द्यायची. आता त्यांना काय सांगू, की हात लावू नका?

गणिताचे सर म्हणाले, ‘बाई, फुकट मिळतंय तर घ्या की. तुमचंही फुकटच आहे ना?’ सगळे हसले. मी तुझं वाक्य सांगायला तोंड उघडलं, तोवर चहा आला आणि बैठक संपली.

कंपनीच्या पत्रकावरचं नाव बघून मात्र मी चमकले. ही तुझीच ना? तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक नसणारच, असतं तर सांगितलं असतंस. आता तूच काहीतरी कर. तुमच्या त्या टायला सांग, मशीन द्या पण अट काढा. तू आतला माणूस आहेस, तुझं ऐकतील.

आणि फाईलचं काय झालं? पोरं दर शनिवारी विचारतात.

तुझी ताई


१५ सप्टेंबर
वाचायचं कोणी: ताई.

ताई,

अट काढणं माझ्या हातात नाही. मी भाषा विभागातला कारकून, मला कोण विचारतंय?

खरं सांगू का, तू फार ताणू नकोस. नवीन मशीन येतायत, पोरांचं भलंच होईल. तुझी ती चौदा धुडं अजून किती दिवस ओढशील? जगात सगळीकडे हेच चाललंय, पोरांना उद्या नोकरीत तेच लागणार. तू एकटी आडवी आलीस तर लोक म्हणतील, बाईंना काम नको.

फाईल पाठवली आहे. उत्तर आलं की कळवीन. पेनड्राइव्ह कुठेतरी पडला बहुतेक, नवीन घेऊन पाठवतो.

आई बरी आहे.

बारक्या


२८ सप्टेंबर
वाचायचं कोणी: फक्त तू.

बारक्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात तू कुठेच नव्हतास. एक कोटी नाही, एक टोमणा नाही. मी आधी चिडले, मग बसून विचार केला. तुझीच कंपनी आणि तुझ्याच बहिणीची लॅब, तुला केवढं लागलं असेल! तोंड दाबून बसावं लागत असेल तुला. मी उगाच तुझ्यावर ढकललं. तू आतून काही करायला जाऊ नकोस, नोकरी सांभाळ. आईचे डोळे आहेत, घर आहे. इथलं मी बघते. मनाला लावून घेऊ नकोस.

पेनड्राइव्हचंही जाऊ दे. फाईल आमच्या सगळ्या मशीनवर आहेच. म्हणजे चौदा प्रती झाल्या, एक हरवली तर काय बिघडतं.

तुझी ताई


१८ नोव्हेंबर
वाचायचं कोणी: फक्त तू. आईला नको.

बारक्या,

सुट्टीनंतर शाळा उघडली आणि लॅबला कुलूप बदललेलं होतं. मोठ्या बाईंनी किल्ली दिली, पण सही घेऊन. आत वीस नवीन मशीन. जुनी चौदाही गेली, कंपनीच्याच माणसांनी सुट्टीत येऊन नेली, मोडीत काढायला. मला कुणी विचारलं नाही. फळाही धुतलेला.

चौदा प्रती म्हणे! घरी एक ठेवायची अक्कल मला झाली नाही. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवली म्हण.

पण लिहायला बसले ते यासाठी नाही. पहिल्या तासाला सातवी आली. मुंगीने चित्र काढलं, पुसायला गेली, आणि ओरडली. मी धावले. पडद्यावर लिहिलं होतं, ‘नक्की ना? मग रडायचं नाही.’

पोरं नाचली, बारक्या. नुसती नाचली. त्यांना वाटलं, आपले शब्द जगात गेले, आणि जगाने परत पाठवले. लांब्या बाकावर चढला. बडबडी म्हणाली, बाई, आता आमची नावं दाखवा ना. मी ‘या सॉफ्टवेअरविषयी’ उघडलं. तुमच्या कंपनीचं नाव, खाली ‘सर्व हक्क राखीव’, खाली नक्कल करणाऱ्यावर कारवाईची धमकी. वर खाली सगळीकडे शोधलं. सहा जण माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. गप्प्या, जो वर्षात चार वाक्यं बोलतो, तो म्हणाला, ‘बाई, वरच्या ओळी काढल्यात.’

‘चुकलं-माकलं’ बदललंय, तिथे ‘पूर्ववत करा’ केलंय. पण मी सगळा दिवस बसून मोजलं. सहाशेच्या वर वाक्यं आमची आहेत, शब्दन् शब्द.

तुमच्या लोकांनी ते त्या मंडळींकडून उचललं असेल का? तू फाईल पाठवली होतीस, तिथून? असंच झालं असेल तर लिही, मी त्या मंडळींना कळवते. मला दुसरं काही सुचत नाही, आणि जे सुचतंय ते मला नको आहे. खरं सांग.

ताई


२७ नोव्हेंबर
वाचायचं कोणी: ताई.

ताई,

शब्द काय कुणाच्या बापाचे असतात? ‘जपून ठेव’ हे दोन शब्द रोज लाखो आया म्हणतात. त्या सगळ्यांची नावं टाकायची का? दोन माणसांना एकच शब्द सुचू शकतो.

आणि समज, घेतले कुणी. तूच सगळ्यांना सांगत फिरतेस ना, की ज्ञान मोकळं असावं, कुणीही वापरावं? वापरलं की! आता का पोटात दुखतंय? पोरांचे शब्द आज शेकडो शाळांत पोचले. तुझ्या त्या मंडळींनी पोचवले असते का? दहा वर्षं लागली असती. तुला ते पोचायला हवे होते की वर नावं हवी होती?

एकदा स्वतःला विचार.

बारक्या


३० नोव्हेंबर
वाचायचं कोणी: फक्त तू.

नावं हवी होती. सहा नावं आणि तीन ओळी. जगातल्या कुठल्याही डिस्कवर याहून कमी जागा लागत नाही.

आणि मी फक्त विचारलं होतं, घेतलं कुणी. तू वकिली सुरू केलीस.

ताई


११ डिसेंबर
वाचायचं कोणी: फक्त तू. पण नीट वाच, गाळू नकोस.

बारक्या,

भांडण बाजूला ठेवून लिहितेय.

मागच्या महिन्यात मुंगीच्या घरी कॉम्प्युटर आला. तिच्या आईच्या एका गिऱ्हाइकाने जुना झाला म्हणून दिला. मुंगीला काय आठवलं? मी दोन वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं ते. कॉम्प्युटर आला की शाळेतून नक्कल घेऊन जा, हे तुमचंच आहे, यात चोरी नाही. तिने चित्रांचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला. लपवून नाही, तासाला, सगळ्यांसमोर. धाकटीला घरी चित्र पुसताना ते वाक्य दाखवायचं होतं, एवढंच.

तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चुगलखोर बसवलेला आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोन आला, मशीन नंबर सात, अमुक तास, नक्कल झाली. मोठ्या बाईंनी मुंगीला वर्गातून उठवून नेलं, पेनड्राइव्ह काढून घेतला. तिने लगेच कबूल केलं, तिला त्यात काही वाटलंच नाही. म्हणाली, ‘ते आमचंच आहे, शब्द मी केलेत.’ झालं. आधी चोर होती, आता चोर आणि खोटारडी. मोठ्या बाई मला म्हणाल्या, ‘कंपनीच्या इंजिनिअरांचं काम ही पोरगी स्वतःचं म्हणते, काय धीट आहे बघा.’

मी सांगितलं सगळं. पुरावा काय, म्हणाल्या. मशीन मोडीत, पेनड्राइव्ह तुझ्याकडून हरवलेला. उरले मी आणि सहा पोरं, आणि मी तर पहिल्यापासून कंपनीच्या विरोधात, त्यामुळे माझ्या बोलण्याला किंमत नाही.

कंपनीने लिहिलंय, शाळेने कारवाई केली नाही तर मशीन परत नेऊ. अठ्ठावीस तारखेला शाळा समितीची बैठक आहे. मुंगीच्या हातात दाखला देणार, आणि त्यावर कारण लिहिणार, ‘चोरी’. वर्षाच्या मध्यात, असा शेरा असलेल्या मुलीला कोण घेईल? तिच्या आईने कालपासून शिलाई मशीनला हात लावलेला नाही. माझ्याकडे आली आणि एकच म्हणाली, ‘बाई, तुम्हीच म्हणाला होता ना, चोरी नाही?’

मला रागवायचं नाही, वाद घालायचा नाही. मला चार ओळी हव्यात, तुझ्या सहीच्या. की हे शब्द या मुलांनी केले, आणि फाईल जुलैत माझ्याकडून तुझ्याकडे आली. पुढे काय झालं ते लिहूसुद्धा नकोस. फक्त एवढंच.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

ताई


१९ डिसेंबर
वाचायचं कोणी: फक्त ताईने. वाच आणि फाडून टाक.

ताई,

मी घेतली. आता हे लिहिल्यावर मन थोडं हलकं झालं.

टायने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, दोघांपैकी एकच राहणार, ज्याचं काम आधी संपेल तो. माझी दोनशेसुद्धा झालेली नव्हती. तुझी फाईल टेबलावर होती. मी ती खरंच पाठवणार होतो. पाठवायच्या आधी एकदा उघडली, नुसती बघायला. दोन-चार शब्द घेऊ म्हटलं. संध्याकाळपर्यंत सगळे घेतले. वरच्या नऊ ओळी निवडल्या आणि काढल्या. कॉम्प्युटरने मला विचारलंसुद्धा, नक्की ना. त्या मंडळींना मी काहीच पाठवलं नाही.

ओळखू येतील ते शब्द मी बदलले होते. ‘चुकलं-माकलं’ आधी बदललं, कारण ते आईने ऐकलं होतं. मुंगीचं वाक्यही बदललं होतं. पण टायने जुना मसुदा बघितला होता, त्याला तेच आवडलं. म्हणाला, मुलांच्या मनातली भाषा, जाहिरातीत घाला. मला बढती मिळाली. जो दुसरा होता, तो गेला. त्याला दोन मुली आहेत.

मशीन द्यायच्या शाळांच्या यादीत तुझ्या शाळेचं नाव बघितलं तेव्हा तुला फोन लावायला घेतला होता. पण तेव्हा बोललो असतो तर सगळंच बाहेर आलं असतं. तू लिहिलंस की तुला केवढं लागलं असेल, मनाला लावून घेऊ नकोस. ते पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये दार लावून वाचलं.

ताई, तू मागतेस ते मी देऊ शकत नाही. चार ओळी नाहीत, दोनही नाहीत. माझ्या सहीचा कागद बाहेर गेला की नोकरी जाईल, वर खटला. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे. मुंगीला दुसरी शाळा मिळेल. लहान आहे, विसरेल. तिच्या आईला काही मदत हवी असेल तर मी करतो, नाव न सांगता.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, मला बढती हुशारीने मिळाली. तुझी पत्रं वाचून दाखवताना शाळेचं सगळं मी गाळत आलोय. तू गाळू नकोस म्हणालीस, ते वाचताना मान वर करता येईना.

पेनड्राइव्ह हरवलेला नाही. माझ्या खणात आहे. पाठवायचा धीर होत नाही, फेकायचाही होत नाही.

हे फाड. आपल्या घरात वरची ओळ कुणी मोडलेली नाही.

बारक्या


३० डिसेंबर
वाचायचं कोणी: कुणीही. पण आधी आईने.

प्रिय बारक्या,

बैठक परवा झाली. मुंगी तिच्या आईच्या शेजारी बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. कंपनीकडून एक माणूस आला होता, टाय बांधून. तोच असेल तर तू नाव बरोबर ठेवलंयस.

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. आठ दिवस ते मी उशाखाली ठेवलं, डब्यात ठेवलं, दोनदा फाडायला घेतलं. मी तुला पायावर झोपवलेलं आहे, बारक्या. तू पहिलं अक्षर काढलंस ते माझ्या पाटीवर. मला वाटत होतं, कुणीतरी उठून एक शब्द मुंगीच्या बाजूने बोलेल, आणि मग मला पिशवी उघडावी लागणार नाही. गणिताचे सर उठले. ते म्हणाले, दाखल्यावर ‘चोरी’ऐवजी ‘वर्तणूक’ लिहा, बिचारी लहान आहे. एवढीच दया. मोठ्या बाईंनी पेन उघडलं.

मी पत्र काढून टेबलावर ठेवलं.

मोठ्या बाईंनी ते मनात वाचलं आणि पुढे सरकवलं. तो माणूस वाचताना दोनदा वर बघून माझं तोंड बघत होता. मग तो पहिल्यांदा काय म्हणाला माहीत आहे? ‘हे खाजगी पत्र आहे. वर स्पष्ट लिहिलंय, फक्त ताईने. तुम्ही हे दाखवूच शकत नाही.’ बरोबरच आहे त्याचं. आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं. तू अट मोडलीस, मीही मोडली. आपण दोघंही आता सारखेच. पण मग मी शाळेच्या ऑफिसात आठ प्रती काढल्या, समितीतल्या प्रत्येकाला आणि त्या माणसाला एकेक, आणि एकाही प्रतीत ती ओळ कापलेली नाही. तुझं नाव आहे, तारीख आहे, ‘फाडून टाक’सुद्धा आहे. मी मोडली, आणि मोडली हे प्रत्येक प्रतीच्या डोक्यावर लिहिलेलं आहे.

मुंगीचा दाखला निघाला नाही. तुला वाटेल मग सगळं छान झालं. काही छान झालं नाही. मशीन तिथेच आहेत, सॉफ्टवेअर तेच आहे. समितीने आणि त्या माणसाने बंद खोलीत अर्धा तास बोलून ठरवलं की दोन्ही बाजूंनी विषय वाढवू नये. नावं टाकण्याबद्दल विचारलं तर म्हणे, पुढच्या आवृत्तीत विचार करू. माझ्याकडून लॅब काढून घेतली. जानेवारीपासून मला ग्रंथालयाची कपाटं. मुंगीची कुणी माफी मागितली नाही. मी तिला बाहेर म्हटलं, चल, तुझा पेनड्राइव्ह परत मिळाला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, ‘नको बाई. कोणाचं काय असतं, कळत नाही.’ बारा वर्षांची आहे. तू म्हणालास ना, विसरेल. पोरांना आठवायला लावणं हेच माझं काम होतं रे, सात वर्षं.

तुझं काय झालं मला माहीत नाही. त्या माणसाने पत्राची प्रत घडी करून खिशात घातली, म्हणजे काहीतरी होणारच. आईच्या ऑपरेशनचं मी बघते, ती काळजी करू नकोस. तिला जानेवारीत इकडे घेऊन येते. मला तुझा राग आहे, खूप आहे. आणि तुझी आठवण येते, त्या सीडीवाल्याची. तो मेला असता तर मी निदान रडले असते.

माझ्या आजच्या पत्रात गाळण्यासारखं काही नाही, सगळंच गाळण्यासारखं आहे. आई आता तुझ्या डोळ्यांनी वाचते, तिला दुसरे नाहीत. तिला समोर बसव. वाचून दाखवशील तेव्हा अगदी वरच्या ओळीपासून सुरुवात कर.

तुझी ताई